मोठी फाइल पाठवली की पीसी बंद पडतो. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बदलला, दोनदा फॉरमॅट मारला, तरी तेच

वाशिष्ठीकाठ
१७ नोव्हेंबर, रात्री १०:४०

नमस्कार. चिपळूणला माझं डीटीपीचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. तीन आठवडे एकाच दुखण्यानं जीव मेटाकुटीला आलाय. लांबलचक लिहितेय, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल.

आधी जागेबद्दल सांगते. २२ जुलै २०२१ च्या पुरात तळमजल्यावरचं दुकान छतापर्यंत बुडालं. दोन पीसी, झेरॉक्स, यूपीएस, सगळं चिखलात गेलं. तेव्हापासून दुकान वरच्या मजल्यावर आहे. फायबरची वायर मात्र खालच्या पडवीतच येते, त्यामुळे राउटर तिथेच, भिंतीवर उंच लावलाय. वर केबल ओढायची ओढायची म्हणत राहून गेली आणि मी बाजारातून साडेतीनशे रुपयांचं वाय-फायचं यूएसबी डोंगल आणलं. त्यावर कंपनीचं नाव नाही. जुन्या पीसीवर ते तीन वर्षं कुरकुर न करता चाललं.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार असं कळलं, म्हणून गणपती झाल्यावर एक सेकंडहॅन्ड पीसी घेतला. आठव्या पिढीचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २४० जीबीची एसएसडी, विंडोज ११. डोंगल जुनंच लावलं. ऑक्टोबरअखेरीपर्यंत काही त्रास नव्हता. खरं म्हणजे तोपर्यंत मोठं कामच नव्हतं, नुसते उत्पन्नाचे दाखले आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म.

तुळशीची लग्नं तोंडावर आली आणि पत्रिकांचं काम सुरू झालं. मी इथे पत्रिका लावते आणि पीडीएफ रत्नागिरीच्या प्रेसला पाठवते. फाइल ३० ते ४० एमबीची होते. पाठवायला घेतली की निम्म्याहून पुढे जाते, मग आधी माउस अडखळतो, पडदा क्षणभर काळा होतो, त्यावर पांढरी अक्षरं येतात आणि ती वाचायच्या आत मशीन पुन्हा सुरू.

परवाचंच सांगते. मुलीचे वडील समोरच्या स्टुलावर बसलेले. कुलदैवताचं नाव चुकलं होतं ते दुरुस्त करून झालं, त्यांनी प्रूफवर सही केली. प्रेसवाल्यांनी सांगितलं होतं, सहाच्या आत फाइल आली तर उद्या छापतो, नाही तर सोमवार. साडेपाचपासून तीनदा पाठवली, तीनदा मशीन पडलं. तिसऱ्यांदा पडलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, नुसतं घड्याळाकडे बघितलं. शेवटी पेन ड्राइव्हवरून फाइल मोबाइलमध्ये घेतली आणि तिथून पाठवली. पाच वाजून बावन्न मिनिटांनी गेली. माझे हात थरथरत होते.

मी प्रत्येक वेळची नोंद वहीत केलीय. त्यातल्या काही उतरवते:

३० ऑक्टो., दुपारी १२:१०. पत्रिका, ३८ एमबी, मेलला जोडताना पडला.
३ नोव्हें., सकाळी ११:२५. सातबारा आणि फेरफारांचं स्कॅन, २२ एमबी, वकिलांना पाठवताना पडला.
६ नोव्हें., दिवसभर शिष्यवृत्तीचे १४ फॉर्म. एकदाही नाही.
८ नोव्हें., सायं. ७:०५. पत्रिका, ३३ एमबी. दोनदा.
९ नोव्हें., मुलानं अडीच जीबीचं काहीतरी डाउनलोड केलं. काही झालं नाही.
१५ नोव्हें., वर लिहिलं तेच. तीनदा.

दुरुस्तीवाले आमच्या ओळखीचे आहेत आणि मनापासून काम करतात. त्यांनी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये बघितलं, तिथे लाल खुणेत ‘कर्नल पॉवर ४१’ असं दर वेळी होतं. पॉवरचं नाव बघून त्यांनी एसएमपीएस बदलला, १,४०० रुपये. फरक पडला नाही. मग रॅम काढून खोडरबरानं घासून बसवली. मग फॉरमॅट मारला. पुन्हा तेच, म्हणून दुसऱ्यांदा मारला. आता त्यांचं म्हणणं, “ब्लू स्क्रीन आली असती तर ड्रायव्हर म्हटलं असतं. ही काळी होतेय, म्हणजे मदरबोर्ड गेलाय.” बोर्ड बदलायचा तर चार-पाच हजार.

पैसे घालायची तयारी आहे, पण आधी खात्री हवी. बोर्ड गेला असता तर डाउनलोडला का चालतं आणि अपलोडलाच का पडतं? आणि सगळं पुसून दोनदा नव्यानं विंडोज टाकलं, तरी दोष परत कसा येतो? माझं दोन्हीकडे अडलंय.


सह्यकडा
१७ नोव्हेंबर, रात्री ११:१५

ताई, हवेतला दमटपणा असेल का? कोकणात बोर्ड लवकर गंजतात. एकदा ब्लोअर मारून बघा.


रात्रपाळी
१८ नोव्हेंबर, पहाटे ३:२०

ताई, बोर्डासाठी एक रुपयाही देऊ नका. निदान आत्ता तरी नाही. मी एका कॉलेजच्या संगणक विभागात मशीन सांभाळतो. तुमच्या वहीत जे आहे ते मला सहसा कुणी सांगत नाही, लोक नुसतं “बंद पडतं” म्हणतात. १४ फॉर्म भरताना पडला नाही, अडीच जीबी उतरवताना पडला नाही, पाठवतानाच पडतो. यावरून माझा संशय थेट डोंगलच्या ड्रायव्हरवर, म्हणजे विंडोजला ते डोंगल चालवायला लागणाऱ्या सॉफ्टवेअरवर जातो. पण संशय म्हणजे पुरावा नाही. तो कसा गोळा करायचा ते सांगतो.

पहिलं त्या काळ्या पडद्याचं. विंडोज ११ च्या नव्या अपडेटपासून निळा पडदा (विंडोज कोलमडल्यावर येणारी ब्लू स्क्रीन) गेला, आता तोच पडदा काळा येतो. रडका चेहराही काढून टाकलाय आणि मशीन दोन-तीन सेकंदांत पुन्हा सुरू होतं. तुम्ही बघताय ती ब्लू स्क्रीनच आहे, फक्त रंग बदललाय. तुमच्या दुरुस्तीवाल्यांना हे माहीत नसेल तर त्यात त्यांचा दोष नाही, बदलच ताजा आहे.

तो पडदा थांबवून वाचता येतो. स्टार्टमध्ये ‘ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’ शोधा, ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’खालचं सेटिंग्ज बटण दाबा आणि ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ची टिक काढा. आता मशीन पडलं की पडदा तसाच राहील. निवांत फोटो काढा.

दुसरं ‘कर्नल पॉवर ४१’. या नावानं भल्याभल्यांना फसवलंय. या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झालं. वीज गेली तरी हीच नोंद येते, ड्रायव्हरनं पाडलं तरी हीच. फरक आत असतो. त्या नोंदीवर दोनदा क्लिक करा, ‘डिटेल्स’मध्ये जा आणि ‘बगचेक-कोड’समोरचा आकडा बघा. तिथे ० असेल तर वीज, एसएमपीएस किंवा मशीन गोठणं यांकडे बघायचं. दुसरा काही आकडा असेल तर विंडोजनं स्वतःहून काम थांबवलंय आणि तो आकडा म्हणजे थांबण्याचं कारण. २०९ असेल तर मला ताबडतोब कळवा.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं. सी ड्राइव्हमध्ये विंडोज फोल्डर, त्यात ‘मिनीडंप’ नावाचं फोल्डर आहे का बघा. दर वेळी पडताना विंडोज तिथे एक छोटी फाइल लिहून ठेवतं, तिच्या नावातच तारीख असते. अशा फाइली असतील तर एसएमपीएसचा प्रश्नच मिटला. वीज तुटली असती तर मशीनला ही चिठ्ठी लिहायला वेळच मिळाला नसता.

त्या फाइली उघडायला ‘ब्लूस्क्रीनव्ह्यू’ नावाचं फुकट आणि छोटं सॉफ्टवेअर आहे. वरच्या भागात सगळ्या पडझडींची यादी येते, खालच्या भागात त्या क्षणी मेमरीत असलेले ड्रायव्हर. त्यातल्या काही ओळी गुलाबी दिसतील. पडण्याच्या क्षणी जे काम चालू होतं, त्याच्या साखळीत सापडलेले ते ड्रायव्हर. पडद्यावर किंवा वरच्या यादीत बहुतेक ‘एनडीआयएस डॉट सिस’ असं नाव येईल. तिथे थांबू नका. ते विंडोजचं स्वतःचं आहे, प्रत्येक नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर त्याच्यामार्फतच बोलतो. चौकात अपघात झाला की पंचनाम्यात हवालदाराचंही नाव येतं, तसं ते आहे. गुलाबी ओळींपैकी ज्यांच्यापुढे कंपनी म्हणून मायक्रोसॉफ्ट लिहिलंय त्या बाजूला ठेवा. उरेल ते नाव आणि त्यापुढची तारीख मला सांगा.

चौथी चाचणी आजच करता येईल. डोंगल काढा. मोबाइल केबलनं पीसीला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. त्यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो, डोंगलच्या ड्रायव्हरचा तिथे संबंध येत नाही. मग तीच ३८ एमबीची पत्रिका पाच वेळा पाठवा. बोर्ड खराब असेल तर तो इंटरनेट कुठून येतंय ते बघत बसणार नाही, पडायचा तो पडेलच. नाही पडला, तर तुमचं उत्तर मिळालं. लग्नाची कामं थांबवू नका, तोवर टेदरिंगवरच पाठवा.

आता तुमचे दोन प्रश्न.

अपलोडलाच का? ड्रायव्हरमध्ये माहिती घेण्याचा रस्ता वेगळा आणि पाठवण्याचा वेगळा लिहिलेला असतो. डाउनलोडला येणारी पाकिटं मोठी, जाणारी म्हणजे नुसती पोच. अपलोडला उलट, पाठवायच्या पाकिटांची रांग लागते. प्रत्येक पाकिटासाठी ड्रायव्हर मेमरीतली थोडी जागा घेतो आणि काम झालं की सोडतो. सोडलेल्या जागेला त्यानं चुकून पुन्हा हात लावला, की घोटाळा. नेटवर्कचं हे काम विंडोजच्या गाभ्यात अशा पातळीवर चालतं, की तिथे मेमरीतली जागा सापडली नाही तर “थांब, डिस्कवरून आणतो” म्हणायची सोय नसते. साधं सॉफ्टवेअर चुकलं तर तेवढंच बंद पडतं. ड्रायव्हर गाभ्यात राहतो, तो चुकला की पुढे काय बिघडेल याचा भरवसा नाही, म्हणून विंडोज डिस्कवरची माहिती वाचवायला सगळंच थांबवतं. जुलै २०२४ मध्ये एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एका दिवसात पडले आणि आपल्याकडे विमानतळावर बोर्डिंग पास हातानं लिहून दिले गेले, ते असंच गाभ्यात घडलं होतं.

फॉरमॅट करूनही परत का? ताई, हे तुम्हीच सांगू शकाल. फॉरमॅटनंतर डोंगल चालू व्हायला काय केलं होतं? अशी बरीच डोंगल आधी सीडी ड्राइव्ह बनून समोर येतात, त्यांच्या पोटातच सेटअप असतो. तो चालवला असेल तर घर धुऊनपुसून घेतलं आणि तोच पाहुणा पुन्हा आत घेतला, असं झालं.


वाशिष्ठीकाठ
१८ नोव्हेंबर, दुपारी ४:१०

दादा, पहाटे साडेतीनला बसून एवढं लिहिलंत, काय बोलू. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या बसले.

सेटअपचं अगदी बरोबर. दोन्ही वेळा डोंगल लावल्यावर ‘धिस पीसी’मध्ये एक सीडी दिसली, त्यातल्या चित्रावर दोनदा क्लिक केलं की वाय-फाय सुरू. मी तिथेच उभी होते, पण हे मनातही आलं नाही.

कर्नल पॉवरच्या नोंदी उघडल्या. दुसऱ्या फॉरमॅटनंतरच्या पाच आहेत, पाचहीत बगचेक-कोड २०९.

मिनीडंपमध्येही पाच फाइली, तीन १५ तारखेच्या. ब्लूस्क्रीनव्ह्यूत पाचही ओळींत एकच मजकूर, ‘ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’, आणि कारण म्हणून तुम्ही म्हणालात तेच एनडीआयएस. खाली गुलाबी ओळी चार. तीन मायक्रोसॉफ्टच्या. चौथीपुढे कंपनीच्या जागी काहीच नाही, फाइलची तारीख २०१५ ची. नाव इथे लिहीत नाही, पण सीडीमधल्या फोल्डरात त्याच नावाची फाइल सापडली.

मग टेदरिंग. पत्रिका पाच नाही, आठ वेळा पाठवली. मध्ये मुद्दाम यूट्यूबही लावून ठेवलं. एकदाही अडखळलं नाही. आठव्यांदा शंभर टक्के झालं तेव्हा कितीतरी वेळ त्या हिरव्या टिकेकडे बघत बसले.

एकच विचारते. हेच डोंगल जुन्या पीसीवर तीन वर्षं कसं चाललं? आणि आता नुसता ड्रायव्हर बदलून चालेल, की डोंगलच बदलू?


रात्रपाळी
१८ नोव्हेंबर, रात्री ११:५०

२०९ म्हणजे सोळा अंकांच्या (हेक्साडेसिमल) पद्धतीच्या लिखाणात डी-१, ड्रायव्हरनं चुकीच्या वेळी चुकीच्या जागी हात घातला त्याचा कोड. पाचही वेळा तोच कोड आणि तीच साखळी, ही फार मोलाची गोष्ट आहे. रॅम खराब असती तर दर वेळी कोड बदलता दिसला असता, आज या फाइलवर आळ, उद्या त्या. सगळीकडे एकच नाव येतंय म्हणजे तोच.

जुन्या पीसीवर का चाललं हे त्याच्या डंप फाइली बघितल्याशिवाय छातीठोक सांगणार नाही. अशा चुका पुष्कळदा वेळ जुळण्याच्या असतात. दोन कामं अगदी एकाच क्षणी घडली तरच गफलत. जुनं मशीन हळू, कोअर कमी, तो क्षण येत नसेल. नव्यावर सहा कोअर एकदम धावतात, तो क्षण पत्रिकेगणिक येतो. ड्रायव्हर २०१५ चा, विंडोज ११ तर २०२१ मध्ये आलं. त्या जोडीची तपासणी कुणी केली असेल असं वाटत नाही.

ड्रायव्हर नुसता काढून चालत नाही, मुळासकट काढावा लागतो. डोंगल लावलेलं असतानाच डिव्हाइस मॅनेजर उघडा, ‘नेटवर्क ॲडॅप्टर्स’मध्ये त्यावर उजवं क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘डिटेल्स’, तिथल्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’. व्हीआयडी आणि पीआयडीपुढे चार-चार अक्षरं असतील, ती वहीत उतरवा. डब्यावर नाव नसलं तरी आतली चिप कुणाची हे त्यावरून कळतं. मग ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करा आणि त्या चौकटीत ड्रायव्हरही काढून टाकायचा का असा पर्याय असतो, त्यावर टिक करायला विसरू नका. टिक राहिली तर ड्रायव्हरची प्रत विंडोजच्या कोठारात पडून राहते आणि डोंगल पुन्हा लावताच तीच बाहेर येते.

त्यानंतर ‘मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग’च्या साइटवर ती व्हीआयडी-पीआयडी टाकून शोधा. चिपवाल्यांचा नवा ड्रायव्हर असेल तर मिळेल. सीडीच्या सेटअपला पुन्हा हात लावायचा नाही. आणि इथेतिथे ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणारी सॉफ्टवेअर मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. एका मशीनवर त्यांनी साउंडपासून नेटवर्कपर्यंत सगळं उलटंपालटं केलेलं मला दोन रात्री निस्तरावं लागलं होतं.

ड्रायव्हर काढल्यावर ‘शट डाउन’ नको, ‘रिस्टार्ट’ करा. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनला गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उघडते. रिस्टार्टला मात्र सगळं नव्यानं सुरू होतं.

पण माझं मत विचाराल तर केबल ओढा. तुमचा धंदा पाठवण्यावर चाललाय.


सह्यकडा
१९ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

मी दमटपणा म्हणालो ते चुकलं, ताई. पण हे वाचून माझंही एक कोडं सुटलं. लॅपटॉप झाकण उघडलं की कधीकधी पडायचा, काम करताना कधीच नाही. आत्ता बगचेक-कोड बघितला, १५९ आहे.


रात्रपाळी
१९ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

१५९ म्हणजे झोपेतून उठताना किंवा झोपी जाताना एखाद्या ड्रायव्हरनं वेळेत उत्तर दिलं नाही. तुमच्याकडेही मिनीडंपमधलं नाव आधी बघा, वाय-फायच असेल असं धरून चालू नका. वाय-फाय निघालं तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’ला ‘वीज वाचवायला हे उपकरण बंद करू द्या’ अशा अर्थाची टिक असते, ती काढून चार दिवस बघा. अलीकडेच अपडेटनंतर सुरू झालं असेल तर ‘ड्रायव्हर’ टॅबमध्ये ‘रोल बॅक’ आहे. आणि लॅपटॉपवर कधी व्हीपीएन किंवा दुसरा अँटीव्हायरस टाकून काढला असेल तर त्यांचे नेटवर्कमध्ये घुसवलेले तुकडे मागे राहिलेत का तेही तपासा. बाकी लॅपटॉपवाल्या कंपनीच्या साइटवरूनच ड्रायव्हर घ्या.


तारवाला_आजोबा
१९ नोव्हेंबर, दुपारी १:३०

मुली, मी टेलिफोन खात्यात ३४ वर्षं जोडणीचं काम केलं. केबलचं मी सांगतो.

कॅट-सिक्स घे, नुसती तांब्याची. बाजारात ॲल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त मिळते, ती नको. सुरीनं तार खरवडून बघ, आत पांढरी दिसली तर परत कर. अंतराची काळजी नाही, १०० मीटरपर्यंत चालते. जिन्यातून नेताना विजेच्या वायरिंगच्या पट्टीतून नेऊ नको, वेगळी पट्टी मार, आणि वळणावर काटकोनात मोडू नको, गोल फिरव. टोकाला कनेक्टर बसवणाऱ्याला रंग दोन्हीकडे एकाच क्रमानं लावायला सांग: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. निळा आणि हिरवा यांच्यात लोक गल्लत करतात, मग लिंक येते पण वेग मरतो. बाहेरच्या भिंतीवरून मुळीच ओढू नको. आपल्याकडे मृगाच्या आधी आणि ऑक्टोबरात विजा कडाडतात, गडगडाट सुरू झाला की दोन्हीकडची टोकं काढून ठेवत जा.


वाशिष्ठीकाठ
२९ नोव्हेंबर, रात्री ९:१५

उशिरा लिहितेय, लग्नसराईत मान वर करायला सवड नव्हती.

१९ तारखेला दादांनी सांगितलं तसं डोंगलचा ड्रायव्हर मुळासकट काढला. चौकटीतली टिक नीट वाचून केली. कॅटलॉगमध्ये व्हीआयडी-पीआयडी टाकल्यावर त्याच चिपचा २०२१ चा ड्रायव्हर मिळाला. तो टाकून दोन दिवस डोंगलवरच काम केलं, मुद्दाम. ११ पत्रिका गेल्या, एकदाही पडला नाही. म्हणजे डोंगलचं यंत्र चांगलंच होतं, दोष त्या सीडीतल्या फाइलीचा.

तरीही २२ ला केबल ओढून घेतली. आजोबा, जिन्याच्या आतून वेगळ्या पट्टीतून, १६ मीटर लागली. दुकानदारानं आधी स्वस्त दाखवली. मी खिशातल्या पेपर कटरनं टोक खरवडलं, आतून पांढरी निघाली. मग त्यांनी मुकाट्यानं दुसरं बंडल काढलं. रंगांचा क्रम मी कागदावर लिहून वायरमनच्या हातात दिला होता. केबल, पट्टी, मजुरी धरून ९५० रुपये झाले. बोर्डाचे चार-पाच हजार वाचले.

दुरुस्तीवाल्यांना मी सगळं दाखवलं, कर्नल पॉवरच्या नोंदीच्या आतला आकडाही. त्यांनी लगेच फोनमध्ये लिहून घेतलं, म्हणाले, याच तक्रारीचं आणखी एक मशीन दुकानात येऊन पडलंय, गुहागरच्या माणसाचं. एसएमपीएसचे पैसे परत द्यायला निघाले होते, मी घेतले नाहीत. जुना एसएमपीएस त्यांनी ठेवला होता, तो मात्र मागून आणला.

१५ तारखेच्या त्या वडिलांनी पत्रिका आणून दिली. लग्न ७ डिसेंबरला आहे, कुलदैवताचं नाव बरोबर छापलंय.


नवखा_ऑपरेटर
३० नोव्हेंबर, सकाळी १०:२०

ताई, माझ्याकडे अनइन्स्टॉल करताना ती टिकच येत नाही. मग मुळासकट कसं काढायचं?


वाशिष्ठीकाठ
३० नोव्हेंबर, सकाळी ११:००

दादा दिवसा झोपलेले असतील, मी सांगते. माझ्याकडे टिक आली होती, पण मी दुसरी पद्धतही त्यांना विचारून वहीत लिहून ठेवलीय. स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ टाइप करून त्यावर उजवं क्लिक, ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’. तसं उघडलं नाही तर परवानगी नाकारली म्हणेल. मग ‘पीएनपीयुटिल’ लिहून एक जागा सोडायची आणि तिरकी रेघ देऊन ‘एनम-ड्रायव्हर्स’. विंडोजबरोबर न आलेल्या, बाहेरून टाकलेल्या सगळ्या ड्रायव्हरांची यादी येते. प्रत्येकाचं नाव ‘ओईएम’, पुढे आकडा, मग ‘डॉट आयएनएफ’ असं असतं, खाली कंपनी, प्रकार आणि तारीख. प्रकारात ‘नेटवर्क ॲडॅप्टर्स’ लिहिलेले तेवढे बघा आणि तारखेवरून आपला ओळखा. मग ‘पीएनपीयुटिल’, तिरकी रेघ ‘डिलीट-ड्रायव्हर’, ते ओईएमचं नाव, तिरकी रेघ ‘अनइन्स्टॉल’. आकडा दोनदा ताडून बघा, शेजारचा गेला तर प्रिंटर बंद पडेल. आणि त्याआधी नवा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा, कारण जुना काढला की नेट नसणार.